तलावाच्या पाळीवरून जाऊबाईंकडे

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ कुठे द्यायचं ते मला कधी नीट कळलं नाही, आणि ओळ सरळ धरली तरी ती उतारावरच्या पाण्यासारखी खाली जाते. ही पानं कोणाच्या हाती लागलीच तर त्यांनी रागावू नये, चुकलेलं मनात दुरुस्त करून वाचावं. मी चौथी पास आहे. पाचवीची पुस्तकं मात्र आणली होती. नव्या कागदाचा वास येत होता म्हणून मी ती उशाशी घेऊन झोपत असे. पण शाळा उघडायच्या आधीच आईच्या अंगावरून लकवा गेला आणि पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली.

आईची उजवी बाजू गेली. हात, पाय आणि तोंडाची एक कड. ती अंगाने भरलेली बाई होती. बीपी आहे असं कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं, पण आमच्या गावात बीपी म्हणजे डॉक्टरांच्या घरची गोष्ट. त्यासाठी कोणी गोळी खात नसे. लकवा झाल्यावर तिची खाट पडवीत टाकली आणि मी त्या खाटेच्या पायाशी मोठी झाले. सकाळी तिला पेज पाजायची. भात शिजला की वरचं पांढरं पाणी गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, काढायचं, मिठाचा खडा टाकायचा, कोमट झालं की चमच्याने तोंडाच्या चांगल्या कडेने सोडायचं. अर्धी पेज हनुवटीवरून खाली येई. मी पदर लावत असे. शाळेची घंटा आमच्या पडवीत ऐकू येत होती. आई घंटा झाली की माझ्याकडे बघत असे आणि मग डोळे मिटून घेत असे. तिला बोलता येत नव्हतं, पण ती काय म्हणत होती ते मला कळत होतं.

आई गेली त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी पोंभुर्ण्याला आले.

आमचं हॉटेल बसथांब्यापाशी होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर टिना, पुढे दोन बाकडे. हे पुढे चहा गाळत, गिऱ्हाईकांशी बोलत. मी मागे. मला माणसांसमोर उभं राहायला लहानपणापासून लाज वाटते, म्हणून ह्यांनी मध्ये बांबूच्या तट्ट्याचा पडदा लावून दिला होता. पडद्याच्या मागे चूल, कढई आणि माझा पाट. आलू उकडायचे, सोलायचे, बेसन भिजवायचं, आलूबोंडे तळायचे. मी दिवसभर त्या पाटावरून उठत नसे. उठायची गरजच नव्हती, सगळं हाताशी होतं.

ते दिवस आठवले की मला पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. तट्ट्याच्या फटींतून ऊन यायचं आणि धुरात त्याच्या काड्या व्हायच्या. बाहेर चंद्रपूरची बस यायची, मूल गावाची बस जायची. माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे. पहिला बोंडा मी चाखत असे, मीठ बघायला. फुटलेला बोंडा गिऱ्हाइकाला देता येत नाही, तो माझा. उरलेला चहा फेकवत नाही, तोही माझा, आणि आमच्या चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. दुपारी भात, सांजेला भात, सकाळी गडवाभर, म्हणजे मोठा तांब्याभर, पेज. शरीर कसं वाढलं ते मला कळलंच नाही. पडद्यामागे मला कोण बघणार? बांगड्या काढताना साबण लावावा लागायचा, एवढंच कळत होतं. जोडवी बोटात रुतली तेव्हा सोनाराकडून कापून घेतली.

मग एक दिवस हातातली बोंडे काढायची झारी खाली पडली.

मी ती उचलायला गेले, बोटं ऐकेनात. उजवा हात झोपल्यासारखा झाला. मी ह्यांना हाक मारली तर जीभ जड. हे पडदा सारून आत आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चूल विझवली. चालू दिवसात चूल विझवलेली मी पहिल्यांदाच बघितली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात जाईपर्यंत हात पुन्हा माझा झाला होता. जीभही सुटली. पण त्यांनी ठेवून घेतलं. हॉटेलच्या गल्ल्यात होते ते पैसे पहिल्या दिवशीच संपले. दुसऱ्या दिवशी माझी मोठी जाऊ आली. ह्यांच्या मोठ्या भावाची बायको, तळ्यापलीकडच्या आमच्या मूळ गावात राहते. मी तिला बाई म्हणते. उंच, काटकीसारखी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने जपून बसावं. तिने दोन बकऱ्या आणि एक पाट, न व्यालेली तरणी बकरी, विकून पैसे पदराच्या गाठीत आणले होते. गाठ सोडून ह्यांच्या हातात दिले आणि माझ्याकडे वळली.

"काय व, मरून राह्यली होती म्हणे?"

मी हसले. हसताना तोंड सरळ आहे का ते तिने वाकून बघितलं.

डॉक्टरांनी सांगितलं की बीपी फार वर आहे, शुगर आहे, रक्तात चरबीही आहे. हा लकवाच येऊन दारावर थाप मारून गेला. ह्या वेळेस परत गेला, पुढच्या वेळेस आत येईल. गोळ्या घ्या, आणि वजन उतरवा. वजन उतरलं की बीपी, शुगर, चरबी तिन्ही उतरायला लागतील, कारण तिन्हींचं मूळ बरंचसं पोटाच्या घेरात आहे. मी डोक्यावर पदर घेऊन मान हलवत होते.

माझी मुलगी खाटेच्या पायाशी बसली होती. चौथीत होती ती. शाळा बुडवून आली होती. नर्सने ठेवलेली पाण्याची वाटी उचलून तिने माझ्या तोंडाला लावली, आणि थोडं पाणी ओघळलं तर फ्रॉकच्या टोकाने माझी हनुवटी पुसली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी तिच्या त्या हाताकडे बघत राहिले. मला आमची पडवी दिसली, शाळेची घंटा ऐकू आली. गोळ्यांनी डोळे मिटत होते आणि खाटेवर मी आहे की आई ते मला कळेना. पायाशी कोण बसलं आहे तेही कळेना.

त्या दिवसापासून मला एवढंच पाहिजे होतं. तिची पाचवीची पुस्तकं दुसऱ्याला द्यावी लागू नयेत.

घरी आले आणि भात बंद केला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितलं होतं, मी पूर्ण बंद केला. आमच्या झाडीपट्टीत, धानाच्या मुलखात, हे करणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला नाही समजणार. आमच्याकडे पाहुण्याला जेवलात का असं विचारत नाहीत, भात खाल्ला का असं विचारतात. मी ज्वारीची भाकर खायला लागले तर शेजारणी म्हणाल्या, "वऱ्हाडातली झाली का व तू? सोयरीक बदलली का?" मी पदराआड हसत होते. साखर सोडली. बोंडा चाखणं सोडलं, मीठ अंदाजाने टाकायला लागले. गिऱ्हाईक ह्यांना म्हणायचे, "भाऊ, आज बोंड्याले समुद्रात बुडवून काढलं का?"

पण महिना गेला, दोन गेले. पोंभुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीण बाई आल्या होत्या, पुण्याकडच्या. बारीक आवाजाच्या, चष्मा लावणाऱ्या. त्या काट्यावर उभं करत आणि काटा जागचा हलत नसे. बोटाला टोचून शुगर बघत आणि भुवया वर करत.

"भात खाता का?"

"नाई."

"खरंच?"

"खरंच सोडला मॅडम तिनं," हे दारातून म्हणत. "माह्या डोळ्यादेखत भाकर खाते."

बाई गोळी वाढवून देत. मी घरी येऊन रडत असे. मला वाटायचं, आईचं रक्त आहे, ते आपल्या वाटेनेच जाणार.

पुढच्या खेपेला जाऊ सोबत आली. रांग मोठी होती, ऊन चढलं होतं. मला घेरी आल्यासारखं झालं तशी जाऊने माझ्या पिशवीतली बाटली काढली आणि म्हणाली, "पी दोन घोट. उपाशीपोटी कायले बसली?" मी प्यायले. तेवढ्यात आमचा नंबर लागला आणि बाटली हातात तशीच घेऊन मी आत गेले.

डॉक्टरीण बाईंनी बाटलीकडे बघितलं. "ताक का?"

"नाई," मी म्हणाले. "पेज."

"कशाची पेज?"

मला प्रश्नच कळला नाही. पेज कशाची असते? जाऊने उत्तर दिलं. "तांदळाची, मॅडम. आणखी कशाची?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तांदूळ? किती पिता?"

"सकाळी एक गडवा," मी सांगितलं. "दुपारी एक. भाकर घशात अडकते म्हणून जेवताना अर्धा. सांजेला..."

"म्हणजे दिवसभर!"

"तहान लागते न."

"अहो, पण तुम्ही म्हणालात भात सोडला!"

"सोडला न तिनं!" जाऊ पुढे सरकली. मला कोणी खोटं म्हटलेलं तिला सहन होत नाही, तिने स्वतः म्हटलं तर चालतं. "भाताचा शीत तोंडात नाई घातला. पेज कायचा भात? पेज तं पाणी व्हय बाप्पा!"

डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढला आणि त्या हसायला लागल्या. आम्हाला हसण्यासारखं काय ते कळेना, पण त्यांचं हसू बघून जाऊही हसली, आणि मग मीही. हसून झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. तांदळातला पीठपणा शिजताना पाण्यात उतरतो. तो चावावाही लागत नाही, गटागट आत जातो आणि साखर होऊन रक्तात मिसळतो. भात सोडून मी दिवसभर पातळ भातच पीत होते. "चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "मी पेजेचं विचारलंच नाही. आमच्याकडे पेज आजारी माणसाला देतात, रोज पीत नाहीत. आता असं करा, दुपारी वाटीभर भात खा, खरा भात, चावून. त्याच्या दुप्पट भाजी आणि सोबत वरण. पेज मात्र बंद."

भात परत मिळाला तरी मला आनंद झाला नाही. पेज बंद, एवढंच मी ऐकलं. आई तीन वर्षं पेजेवर जगली होती. घोट घेताना मला दर वेळेस तिच्या हनुवटीची ऊब आठवत असे. हे डॉक्टरीण बाईंना कसं सांगणार?

त्यांनी पुढे विचारलं, "आणि चालता का रोज?"

मी खाली बघितलं.

ते मी करून बघितलं होतं. आमच्या गावात कामाशिवाय कोणी चालत नाही. शेताला, पाण्याला, मोहाला, सरपणाला जातात. नुसतं चालायला गेलेलं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. म्हणून मी एक दिवस टोपली घेऊन निघाले, काहीतरी आणायला चालले असं दिसावं म्हणून. चार पावलं गेले नाही तोच एक विचारी, "कुठी चालली व?" पुढे दुसरी, "काऊन, आज हॉटेल बंद?" तिसरीने टोपलीत डोकावून बघितलं. परत येताना टोपली तशीच. "रिकामी गेली, रिकामी आली! डोक्यावर परिणाम झाला का वो हिच्या?" सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. मी पदर ओढून घरी आले आणि पुन्हा गेले नाही.

"लाज वाटते तिले," जाऊने सांगून टाकलं. "रिकामं चालाले लाज वाटते."

दवाखान्यातच सांज झाली म्हणून जाऊ त्या दिवशी आमच्याकडेच थांबली. हात धुऊन जेवायला बसली आणि पहिला घास हातात धरून ह्यांना म्हणाली, "माहे पैसे कधी देता?"

हे गोंधळले. जाऊने कधी पैशाचं नाव काढलं नव्हतं. "देतो न वहिनी. दिवाळीपर्यंत जमवून..."

"जमवून नाई पायजे. एकदम घेऊन ठेवू कुठी? तुमचा भाऊ लगेच बैल घ्याले पायेल. मले रोज पाच रुपये पायजे. गल्ल्यातून रोज पाच." मग घासासकट बोट माझ्याकडे केलं. "आणि हिच्या हातानं. सकाळी. तलावाच्या पाळीवरून चालत. सायकलवर मागं बसून आली तं घेणार नाई."

"सकाळी बोंडे कोण तळेल?" हे म्हणाले.

"तुमाले हात नाई देवानं देले?"

अशी मी दुसऱ्या दिवशी निघाले. पदराच्या गाठीत पाच रुपयांची नोट. चौकात पहिलीने विचारलं, "कुठी चालली व इतक्या सकाळी?"

"मोठ्या बाईकडे. पैसे द्याले."

"दे बाप्पा, दे," ती म्हणाली आणि वाट सोडली. देणं द्यायला निघालेल्या बाईला आमच्याकडे कोणी हसत नाही.

आमच्या गावाबाहेर जुना तलाव आहे, मालगुजारीच्या वेळचा. त्याच्या लांब पाळीवरून वाट जाते, दोन्ही बाजूंना बाभळी आणि मोहाची जुनी झाडं. पलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जाऊचं गाव. कोसभराच्या आतच. पण पहिल्या दिवशी मी सांडव्याच्या दगडापर्यंत गेले आणि बसले. श्वास सापडेना. उठले, चालले, पुन्हा बसले. जाऊच्या दारात धापा टाकत पोचले आणि गाठ सोडून नोट पुढे केली. तिने नोट घेतली, मला पाणी दिलं, साधं पाणी, आणि म्हणाली, "उद्या लवकर ये."

मग ते रोजचं झालं. आता त्या सकाळी वेगवेगळ्या आठवतच नाहीत, सगळ्या मिळून एकच लांब सकाळ वाटते. हिवाळ्यात तळ्यावर धुकं असायचं, पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते दिसायचं नाही. पाळ तेवढी दिसायची, तीही पाच-दहा पावलं. धुक्यातून दूधवाल्याच्या सायकलीची घंटी आधी यायची आणि तो मागून. पाणकोंबड्या कमळाच्या पानांवरून चालायच्या आणि मला वाटायचं, ह्यांना वजन नाही तर मला का आहे? चैतात मोहाची फुलं रात्रभर गळून वाट पिवळी झालेली असायची आणि गोड वासाने डोकं हलकं व्हायचं. मी फुलांवर पाय न देता चालायची. त्यासाठी पाऊल कधी लांब, कधी आखूड टाकावं लागे. बघणाऱ्याला वाटलं असेल, ही जाडी बाई नाचत चालली आहे.

आई मला तिथेच भेटायची. धुक्यात माझ्या पुढे कोणीतरी चालत आहे असं वाटायचं. खाटेवरची आई नाही, त्याआधीची. डोक्यावर मोहाची टोपली, कंबर हलवत, भराभर. ती मागे वळून बघत नसे. मी वेग वाढवला की तीही वाढवायची. तिला गाठायच्या नादात सांडव्याचा दगड कधी मागे पडला ते कळायचं नाही. एक दिवस परत येताना तो दगड दिसला आणि लक्षात आलं की कित्येक दिवसांत मी त्याच्यावर बसलेच नाही.

इकडे हे बोंडे तळायला शिकत होते. पहिले काही दिवस बोंडे बाहेरून काळे, आतून कच्चे. गिऱ्हाईक म्हणायचे, "वहिनी कुठी गेली भाऊ? माहेरी पळून गेली का?" हे म्हणायचे, "सावकाराकडे गेली. रोज जाते." हळूहळू त्यांचा हात बसला. मग मी आल्यावरही पाटावर नुसती बसून राहत नसे. पाणी भरणं, बाकडे पुसणं, कपबशा विसळणं, पडद्याच्या बाहेरची कामंही व्हायला लागली.

पेजेची आठवण फार दिवस आली. उन्हाळ्यात तर जीव कासावीस व्हायचा. मी पातळ ताक करून गडव्यात ओतायला लागले. तोच गडवा, तेच मीठ. डोळे मिटून प्यायचं. ताटात तरोट्याची, पातुराची, जी मिळेल ती भाजी, मुगाचं वरण, कधी तळ्यातली मासोळी, आणि वाटीभर भात. तो भात मी इतका सावकाश चावायची की मुलगी म्हणायची, "आई, तू गायीसारखी खाते."

वजन भराभर उतरलं नाही. काटा थोडा सरकायचा, थांबायचा. एका पावसाळ्यात पाळ चिखलाने बंद झाली, मी महिनाभर घरात बसले, आणि काटा उलटा फिरला. शुगरही चढली. जाऊने दूधवाल्याच्या हाती निरोप पाठवला, "थकलेले पैसे घेऊन ये. चिखल सुकला हाय, मी पाहून आली." ती चिखल बघायला स्वतः पाळीपर्यंत आली होती.

बदल मात्र अंगात आधी कळला, काट्यावर मागून. सांजेला पायांवर सूज येत असे, ती येईना. चढावर कानात धडधड वाजायचं, ते थांबलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरीण बाई हाताला पट्टा बांधून हवा भरत, आकडा बघत आणि पुन्हा भरत, जणू यंत्रावर भरवसा नाही. मग म्हणत, "छान. असंच चालू द्या." एकदा त्यांनी मला समजावलं की फार बारीक व्हायची गरज नाही. होतं त्यातलं थोडं उतरलं आणि ते उतरलेलं टिकलं, तरी रक्ताच्या नळ्यांवरचा भार कमी होतो. मी अजून जाडीच होते. आजही आहे. पण माझ्या आतलं रक्त आता धावपळ करत नव्हतं, तळ्यासारखं सावकाश झालं होतं. असं मला वाटायचं, खरं काय ते बाईंना ठाऊक.

मुलगी पाचवीत गेली, सहावीत गेली, सातवीत गेली. तिच्या पुस्तकांना दर वर्षी मी स्वतः कव्हर घालत होते. आणि पैसे फिटत आले. जाऊला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशोब तिच्या तोंडी पक्का. एक दिवस मी शेवटची नोट पुढे केली. "बाई, ही शेवटची."

तिने नोट उन्हात धरली, उलटी केली. "मयली हाय. बदलून आण."

दुसऱ्या दिवशी कोरी नोट नेली. "आज अमावस्या. घेत नाई."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली हात शेणाचे आहेत. चौथ्या दिवशी घरातच नव्हती. मी बांध्यांकडे बघितलं तर ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाठ करून उभी, मला दिसणार नाही अशा बेताने, पण तिची उंची लपत नाही. मी नोट गाठीत बांधून परत आले. पुन्हा गेले. असे कितीतरी दिवस गेले. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. ती दर वेळेस एकच विचारायची, "डॉक्टरीण काय म्हणाली?"

मग डॉक्टरीण बाईंची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी मला बोलावून सगळं पुन्हा तपासलं, रक्त चंद्रपूरला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी मी आणि मुलगी दोघी गेलो. बाईंनी मुलीलाच तो वाचायला दिला आणि बोटाने दाखवत गेल्या. शुगर जागेवर. चरबी उतरलेली. बीपी कितीतरी महिन्यांपासून ताब्यात. "एक गोळी बंद करूया," त्या म्हणाल्या. "दुसरी राहील, ती स्वतःच्या मनाने सोडायची नाही. आणि चालणं कधीच सोडायचं नाही." मग मला म्हणाल्या, "पेज?"

"नाई मॅडम," मी म्हणाले. "ताक." आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. मला वाटतं, तीन वर्षांत पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं दाट होतं. आई पुढे चालत होती की नव्हती ते सांगता येत नाही. मी तिला गाठायची घाई केली नाही. जाऊ अंगणात सडा टाकत होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"एक गोळी बंद केली."

जाऊने बादली खाली ठेवली. "आणि लकवा?"

"ह्या रस्त्यानं चालत राह्यली तं लवकर येत नाई म्हणे."

तिने लुगड्याला हात पुसले, एकदा, पुन्हा एकदा. मग तळवा पुढे केला.

"आण इकडं ती नोट."

मी गाठ सोडली. इतके दिवस बांधून-सोडून नोट मऊ पडली होती, तिच्या घड्या पांढऱ्या झाल्या होत्या. आता ती खरोखरच मळकी होती. जाऊने तिच्याकडे बघितलंही नाही. कमरेला खोचली आणि म्हणाली, "फिटले व तुहे."

मग सड्याची बादली उचलली, उरलेलं पाणी दारापुढे शिंपडलं आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "उद्या येताना तुह्या हॉटेलातली चहापत्ती आण थोडी. माही संपली हाय."